आधी रणांगण, मग वेढा: इ.स.पू. ३२६ चं सांगला छोट्या सैनिकांनी टेबलावर खेळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगला म्हणजे नेमकं कुठलं? सांगलीशी काही नातं आहे का?

नाही, फक्त नावं सारखी आहेत. सांगला हे पंजाबातलं कठ लोकांचं शहर. ग्रीक त्यांना 'कथाइओइ' म्हणत. पुरू (पोरस) राजाशी झेलमकाठी लढाई झाल्यावर अलेक्झांडर पूर्वेकडे निघाला, चिनाब आणि रावी ओलांडली. तेव्हा त्याला कळलं की कठ आणि त्यांच्या शेजारचे काही स्वतंत्र लोक लढायच्या तयारीत आहेत. रावीपासून दुसऱ्या दिवशी तो पिंप्रामा नावाच्या गावाशी पोहोचला. ते गाव शरण आलं. तिथे एक दिवस विश्रांती घेऊन तो सांगलापुढे येऊन ठेपला. शहर रावी आणि बियास यांच्या मधल्या दुआबात होतं, पण नेमक्या जागेबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. सियालकोट म्हणजेच सांगला असं काही ठिकाणी वाचायला मिळतं, ते पटत नाही. सियालकोट रावीच्या अलीकडे, चिनाबच्या बाजूला आहे आणि अलेक्झांडर तर रावी ओलांडून आला होता.

प्राचीन काळातल्या इतक्या लढाया असताना हीच का?

कारण इथे लढाई आणि वेढा एकाच धाग्यात आहेत, आणि तो धागा आहे गाडे. कठांनी शहरापुढच्या टेकडीवर गाड्यांची तीन कडी केली आणि आत छावणी टाकली. लढाई या गाड्यांवर झाली. कठ हटून शहरात गेले, गाडे बाहेर राहिले. मग काही रात्रींनी लोक तळ्याच्या बाजूने निसटणार असं कळल्यावर अलेक्झांडरचा सरदार टॉलेमी याने तेच सोडलेले गाडे गोळा करून त्यांच्या वाटेत आडवे लावले. पहिल्या दिवशी ज्यांनी कठांना आडोसा दिला, त्यांनीच शेवटी त्यांची वाट अडवली.

बहुतेक ठिकाणी लढाई वेगळी खेळतात आणि वेढा वेगळा. मध्ये टेबल आवरतात, नव्याने मांडतात आणि पहिल्या दिवसाचा हिशेब पुसला जातो. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर आहे: टेबल आवरू नका. जो गाडा जिथे पडला तो तिथेच राहू द्या. पहिल्या दिवशी खेळाडूने घाईत घेतलेला निर्णय चौथ्या रात्री त्याच्या समोर उभा राहतो, आणि वेढ्याची खरी किंमत तेव्हा कळते.

हे सगळं आपल्याला कशावरून माहीत?

मुख्यतः एरियन या ग्रीक इतिहासकारावरून. तो अलेक्झांडरनंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी लिहीत होता, पण त्याच्यासमोर टॉलेमीच्या आठवणी होत्या. तळ्याकाठची रात्रीची चौकी याच टॉलेमीकडे होती. म्हणूनच बहुधा त्या रात्रीचं वर्णन इतकं बारीक उतरलं आहे: कुठल्या तुकड्या दिल्या, इशारा कशाने करायचा, गाडे कुठून आणले. वाचताना हेही लक्षात ठेवावं की माणूस स्वतःच्या कामगिरीबद्दल सांगतो आहे. कर्टियस या रोमन इतिहासकारानेही हा प्रसंग लिहिला आहे. त्याच्याकडे कठ एका गाड्यावरून दुसऱ्या गाड्यावर उड्या मारत एकमेकांच्या मदतीला धावतात. ते चित्र मला इतकं आवडलं की त्याचा नियमच केला, तो पुढे येतो.

टेबल केवढं लागतं?

६ फूट बाय ४ फूट, म्हणजे साधारण १८० बाय १२० सें.मी. जेवणाच्या टेबलावर प्लायवूड टाकून चालतं. एका टोकाला शहर, ६० बाय ४५ सें.मी.चं अंडाकृती. त्याच्यापुढे एक हात अंतर सोडून टेकडी, व्यास ४० सें.मी. उरलेली जागा अलेक्झांडरची. शहराच्या एका बाजूला, तटापासून थोडं दूर, तळं. तळं उथळ आहे, ते चालत ओलांडता येतं. हे विसरलात तर वेढ्यात काही उरत नाही.

टेकडी, तट, तळं हे सगळं बनवायचं कशाने? बाजारात तयार मिळतं ते फार महाग पडतं.

विकत घेऊ नका. ज्या घरात दिवाळीत किल्ला होतो त्या घरात हे सगळं शिकलेलं असतं. विटा रचून त्यावर गोणपाट टाकायचं, वर चिखलाचा लेप, आणि अळीव पेरून चार दिवसांत हिरवळ. टेकडीसाठी मी अगदी हेच केलं, फक्त अळीव टाळले, कारण बेस (सैनिकांच्या फिगर चिकटवलेल्या पट्ट्या) त्यांवर डगमगतात. माती वाळली की भेगा पडतात. त्या बुजवू नका, पंजाबच्या उन्हातली माती तशीच दिसते.

तटाला पुठ्ठा पुरतो. सांगलाचा तट विटांचा होता आणि ही माहिती खेळात फार महत्त्वाची आहे, म्हणून रंग दगडाचा नको, विटकरी हवा. राजगड-तोरण्याचे कडे डोळ्यांसमोर असतात आणि हात आपोआप काळ्या दगडाकडे जातो, माझाही गेला होता. तळ्यासाठी निळसर रंगवलेल्या पुठ्ठ्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद. कोकणात राहत असाल तर पावसाळ्याआधी पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी वॉर्निश द्या. एकाच बाजूने दिलं की जुलैपर्यंत तट धनुष्यासारखा वाकतो.

आणि गाडे?

तीस हवेत. शहर पडल्यावर ३०० रथ हाती लागले असं एरियन सांगतो. गाड्यांसाठी मी तोच आकडा धरला, म्हणून एक नमुना म्हणजे १० गाडे. आगपेटीच्या काड्यांचा साटा, शर्टाची बटणं चाकांना, जू म्हणून टूथपिक. एका संध्याकाळी पाच-सहा होतात. मुलांना बसवा, ती जास्त चांगली करतात. गाड्याची रुंदी ४ सें.मी. ठेवा, म्हणजे एका बेसएवढी.

मांडणी अशी: बाहेरच्या कड्यात १३, मधल्यात १०, आतल्यात ७. दोन गाड्यांमध्ये एका बेसची जागा सोडायची, त्याला आम्ही सांधा म्हणतो. असं केलं की बाहेरचं कडं साधारण ३३ सें.मी. व्यासाचं होतं, मधलं २५ आणि आतलं १८. दोन कड्यांच्या मध्ये बेसची एक रांग बसते.

कोणत्या मापाच्या फिगर घ्याव्यात?

माझी शिफारस १५ मि.मी.ची. २८ मि.मी.च्या फिगर देखण्या असतात, पण ७० हून अधिक बेस रंगवता रंगवता दोन दिवाळ्या जातील, आणि टेकडीवर तीन कडी मावणार नाहीत. १:७२ मापाचे प्लास्टिकचे सैनिक स्वस्त मिळतात, ते चालतील, मात्र टेबल आणि सगळी अंतरं दीडपट करा. कागदावर छापून कापलेल्या फिगरांनी सुरुवात केली तरी काही बिघडत नाही. आमचा पहिला खेळ तसाच झाला होता.

दोन्ही बाजूंना किती बेस?

एक बेस म्हणजे ५०० माणसं, रुंदी ४ सें.मी.

अलेक्झांडरकडे ३२: फॅलँक्सचे (लांब भाल्यांचं, दाट रांगांचं पायदळ) १२, हिपॅस्पिस्टांचे (निवडक ढालवाले) ६, घोडदळाचे ६, अश्वारूढ धनुर्धारी २, अग्रियानियन भालाफेके २, पायी धनुर्धारी ४. हिपॅस्पिस्ट ३,००० होते म्हणून ६, हे इतिहासाला धरून आहे. बाकीचे आकडे खेळाच्या तोलासाठी ठरवले आहेत. घोडदळातले २ बेस आणि फॅलँक्सचे ४ पहिल्या दोन पाळ्या टेबलाबाहेर ठेवा. ही पिछाडीची फौज, ती मागून आली. आलेलं घोडदळ अलेक्झांडरने दोन्ही बगलांना वाटलं आणि पायदळाने फॅलँक्स दाट केला.

कठांकडे २९: धनुर्धारी १६, तलवार-भालेवाले १२, घोडदळ १. घोडदळ एकच का, असं नेहमी विचारतात. शहर पडलं तेव्हा ५०० घोडेस्वार पकडले गेले, म्हणून एकच. शिवाय शहरात नागरिकांचे १४ बेस, त्यांतला प्रत्येक ५,००० माणसांचा. त्याबद्दल सविस्तर पुढे.

कठांकडे हत्ती का नाहीत? भारतीय सैन्य म्हटलं की हत्ती हवेतच ना?

या लढाईच्या वर्णनात कठांच्या हत्तींचा उल्लेख नाही. हत्ती येतात ते अलेक्झांडरच्या बाजूने. झेलमला हरलेला पुरू आता त्याचा मांडलिक होता, आणि वेढा चालू असताना तो उरलेले हत्ती व ५,००० भारतीय सैनिक घेऊन पोहोचला. खेळात चौथ्या दिवसापासून दर सकाळी फासा टाका, ५ किंवा ६ आला की पुरू १० बेस आणि २ हत्ती घेऊन येतो. कठांचा खेळाडू त्या सकाळची वाट पाहत दिवस मोजत असतो, ती वेळ टेबलावर फार जड असते.

कठांच्या फिगर कशा रंगवायच्या?

इथे थोडं थांबतो, कारण या कामात मला सर्वांत जास्त आनंद मिळाला. अंगावर पांढरं सुती कापड, पण चुनखडीसारखं सपाट पांढरं नको. आधी फिकट भुरा हात द्या, मग उंचवट्यांवर पांढरा. ढाल कच्च्या चामड्याची, अरुंद पण माणसाएवढी उंच. तलवार रुंद आणि लांब, दोन्ही हातांनी चालवायची. धनुष्य धरणाऱ्याच्या उंचीचं.

आणि दाढ्या! कठ लोकांत सौंदर्याला मोठा मान होता आणि ते दाढ्या नाना रंगांत रंगवत, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने नोंदवलं आहे. भारतीयांच्या दाढ्यांबद्दल एरियन तर रंगही सांगतो: पांढरा, निळा, लाल, जांभळा, हिरवा. म्हणून माझ्या १६ धनुर्धारी बेसवर एकही दाढी काळी नाही. लांबून पांढऱ्या कपड्यांची फौज दिसते, वाकून पाहिलं की रंगच रंग. समोरच्या खेळाडूला हे लोक वेगळे ओळखू येतात, 'शत्रू' या एका शब्दात मावत नाहीत.

लढाईचे नियम काय?

तुमच्याकडे आवडते नियम असतील तर तेच वापरा, फक्त गाड्यांचे नियम जोडा. नसतील तर हे घ्या.

दोन बेस भिडले की प्रत्येकाने एक फासा टाकून त्यात आपली ताकद मिळवायची. फॅलँक्स आणि हिपॅस्पिस्ट ४, घोडदळ मोकळ्या मैदानात ४, कठ तलवारवाले ३, कठ धनुर्धारी आणि अग्रियानियन २, बाकीचे १. फॅलँक्सच्या मागे दुसरा फॅलँक्स असेल तर एक जादा. एक-दोनने हरलेला बेस मागे हटतो, तीन किंवा जास्तने हरला तर टेबलाबाहेर. चाल: पायदळ ८ सें.मी., हलकं पायदळ आणि कठ १२, घोडदळ २४.

कठांचं धनुष्य ३० सें.मी. मारा करतं, पण त्या पाळीत बेस हलला नसेल तरच. धनुष्याचं एक टोक जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून दोर ओढायचा अशी त्यांची पद्धत होती. धावताधावता ते जमणार कसं? अश्वारूढ धनुर्धाऱ्यांचा मारा २५ सें.मी. त्यांचं काम माणसं मारणं नाही, बाकीची फौज रांगेत येईपर्यंत कठांना गाड्यांच्या आत दाबून ठेवणं. त्यांच्या टप्प्यातला कठ बेस गाड्याबाहेर यायचं म्हणाला तर फाशावर ४ किंवा जास्त हवेत.

गाड्यांचे नियम?

गाड्यामागे किंवा गाड्यावर उभ्या असलेल्या कठाला २ जादा. घोडदळ गाड्यावर चालून गेलं तर त्याची ताकद ४ ची १ होते. गाडा रिकामा झाला की मॅसेडोनियन (म्हणजे अलेक्झांडरच्या) बेसला तो ओढून बाजूला करायला एक पूर्ण पाळी लागते आणि तो विस्कळीत होतो. पुढच्या कड्यावर तो एक उणे घेऊनच चढतो. पहिलं कडं अलेक्झांडरच्या पायदळाने सहज घेतलं, पण दुसऱ्याशी गोष्ट बदलली. कडं लहान असल्यामुळे कठ अधिक दाटीने उभे होते, आणि मॅसेडोनियनांना मोकळी जागा नव्हती, ओढून काढलेल्या गाड्यांच्या फटींतून जसं जमेल तसं घुसावं लागलं. तीन कडी मांडल्याशिवाय हे समजत नाही. एकच कडं मांडून खेळणाऱ्यांना लढाई सोपी वाटते ती त्यामुळेच.

उडीचा नियम: गाड्यावरचा कठ बेस शेजारच्या गाड्यावर चाल न मोजता जाऊ शकतो, पाळीत एकदा.

घोडदळ गाड्यांवर चालत नाही हे मला आधीच माहीत आहे. मग अलेक्झांडर खेळताना मी पहिल्यापासून पायीच जाणार. यात गंमत काय राहिली?

प्रश्न रास्त आहे. अलेक्झांडर आधी घोडदळ घेऊन का गेला ते पाहा. उजव्या बगलेसमोरचे गाडे त्याला विरळ वाटले. कठ बाहेर येतील अशी त्याची अपेक्षा होती. ते आले नाहीत, गाड्यांवर उभे राहून बाण मारत राहिले. मग तो घोड्यावरून उतरला आणि फॅलँक्स घेऊन पायी चढला.

म्हणून कठांच्या खेळाडूने खेळाआधी कागदावर लिहून ठेवायचं की बाहेरच्या १३ सांध्यांपैकी कुठले ४ दोराने बांधलेले नाहीत. अशा सांध्यावर घोडदळ पूर्ण ४ ताकदीने घुसतं, थेट दुसऱ्या कड्यापर्यंत. बांधलेल्या सांध्यावर आदळलं तर आपोआप २४ सें.मी. मागे आणि पुढची पाळी वाया. घोडदळ वापरायचं की नाही, हा आता खरा प्रश्न होतो. अलेक्झांडरची सोंगटी घोड्यावरून उतरवायला एक पाळी लागते. तो पायी ज्या बेसबरोबर असेल त्याला एक जादा.

कठांनी माघार कधी घ्यावी?

दोन्ही संध्याकाळींचा सर्वांत अवघड निर्णय हाच आहे आणि याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही. पाळीच्या सुरुवातीला कठांचा खेळाडू 'शहरात चला' म्हणू शकतो. लवकर म्हटलं तर जास्त बेस वेशीत पोहोचतात, पण मॅसेडोनियन ताजेतवाने राहतात. उशिरा म्हटलं तर त्यांचे खूप लोक जखमी होतात, पण तट राखायला तुमच्याकडे माणसं उरत नाहीत. इतिहासात तिसरं कडं लढलंच नाही. दुसरं पडल्यावर कठ शहरात पळाले आणि वेस लावून घेतली.

आमचा एक घरचा नियमही आहे, त्याला एरियनचा आधार नाही: माघार सांगण्याआधी कठ एका पाळीत दोन गाडे जाळू शकतात, त्यासाठी दोन बेस त्या पाळीत लढणार नाहीत. लढाई अंगावर आलेली असताना गाडे जाळायचं कुणाला सुचत नाही. ज्यांनी एकदा हा खेळ पूर्ण खेळला आहे, त्यांना मात्र सुचतं.

लढाईतले मेलेले-जखमी वेढ्यात कसे मोजायचे?

अलेक्झांडरचे संपूर्ण वेढ्यात १०० पेक्षा कमी मेले, पण १,२०० हून अधिक जखमी झाले. एरियनला स्वतःलाच हे प्रमाण वेगळं वाटलं. जखमींत लिसिमेकस होता, राजाच्या खास अंगरक्षकांपैकी एक, जो पुढे स्वतः राजा झाला. तेव्हा बाहेर गेलेल्या प्रत्येक मॅसेडोनियन बेससाठी फासा टाका: १ आला तर कायमचा गेला, २-३ आले तर जखमी, पहिले तीन दिवस बाहेर, ४ ते ६ आले तर परत. कठांचे मैदानात गेलेले बेस परत येत नाहीत. हे विषम आहे, पण मैदान ज्याच्या हाती राहतं तोच आपले जखमी उचलतो.

वेढा कसा सुरू होतो?

त्याच टेबलावर, खेळातल्या त्याच संध्याकाळी. तटाचा परीघ सुमारे १६५ सें.मी. येतो. फॅलँक्स आणि हिपॅस्पिस्ट मिळून १८ बेस, म्हणजे ७२ सें.मी. तळ्याने ४० सें.मी. अडवले तरी उघडी जागा राहतेच, आणि बाणाच्या टप्प्याबाहेर उभं राहायचं तर घेर आणखी वाढतो. अलेक्झांडरचीही हीच अडचण होती. शहराचा घेर मोठा, फॅलँक्स पुरेना. मग जिथे फट राहिली तिथे, तळ्याजवळ, त्याने घोडदळ ठेवलं. तळं उथळ आहे आणि कठ रात्रीच निसटायचा प्रयत्न करतील, हे त्याने ताडलं होतं. तसंच झालं. दुसऱ्या प्रहरी लोक बाहेर पडले, पुढचे घोडदळाच्या तडाख्यात सापडले, मागचे परत फिरले.

रात्रीचे चार प्रहर आपल्याकडे आहेतच आणि एरियनही दुसरा, चौथा असे प्रहर सांगतो, त्यामुळे नियम लिहिताना काही बदलावं लागलं नाही. दिवसाची एक पाळी, रात्रीच्या चार.

दिवसा काय करायचं असतं?

अलेक्झांडरने मेढेकोट उभारायचा. त्याने शहराभोवती दुहेरी उभारला, फक्त तळ्याची बाजू सोडून. खेळात पायदळाचा एक बेस दिवसाला ३ सें.मी. मेढा रोवतो. वहीवर हिशेब नको, आगपेटीच्या काड्या खरोखर रोवत जा. घेर हळूहळू बंद होताना दिसला पाहिजे. कठांचा खेळाडू त्या काड्यांकडे पाहूनच ठरवतो की कुठल्या रात्री निघायचं. दिवसा कठ बाणांनी मेढे रोवणाऱ्यांवर मारा करू शकतात. लागलेला बेस त्या दिवशी काम करत नाही.

आणि रात्री?

सकाळी कठांचा खेळाडू एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहितो: आज रात्री निघणार की नाही, कितव्या प्रहरी, कुठल्या वेशीने. चिठ्ठी घडी करून तटाच्या आत ठेवायची. संध्याकाळी अलेक्झांडर फासा टाकतो. ५ किंवा ६ आला तर शहरातून फितूर आले, आणि तो तिन्हींपैकी एकच गोष्ट विचारू शकतो. सांगलात फितुरांनीच बातमी दिली होती की लोक आज रात्री तळ्याच्या बाजूने जाणार.

मग टॉलेमीची चौकी. त्याला हिपॅस्पिस्टांच्या तिन्ही हजारी तुकड्या, सगळे अग्रियानियन आणि धनुर्धाऱ्यांची एक तुकडी मिळाली. टेबलावर हे ६, २ आणि १ बेस. हुकूम असा, की लोक दिसले की वाट अडवायची आणि कर्णा फुंकायचा. कर्णा ऐकून बाकीच्या सरदारांनी आपापली माणसं घेऊन आवाजाच्या दिशेने यायचं. खेळात कर्णा फुंकेपर्यंत अलेक्झांडरचा दुसरा एकही बेस हलत नाही. फुंकल्यावर प्रत्येक गटासाठी फासा, ३ किंवा जास्त आला तर निघतो.

आणि इथे गाडे येतात. टेकडीवर जेवढे गाडे न जळता राहिले, त्यांतले अलेक्झांडर अंधार पडण्याआधी तळ्याकडे ओढून नेऊ शकतो, एका बेसमागे एक. तट आणि तळं यांच्यामध्ये उरलेले मेढेही रोवू शकतो. आडवा गाडा आला की तिथून जाणाऱ्याचा एक प्रहर जातो. चौथ्या प्रहरी निघालेल्यांकडे दुसरा प्रहर नसतो, पहाट होते. सांगलाचे लोक चौथ्याच प्रहरी निघाले होते. गाडे आणि मेढ्यांशी अडले, कर्णा झाला, टॉलेमी आला. सुमारे ५०० माणसं मारली गेली, उरलेली मागे फिरली.

यंत्रं कधी आणायची? वेढ्यात यंत्रं नसतील तर वेढा कसला?

यंत्रं आणली होती, पण तट त्यांनी पाडला नाही. यंत्रांनी कुठे खिंडार पडायच्या आतच मॅसेडोनियनांनी विटांचा तट खालून पोखरला, सगळ्या बाजूंनी शिड्या लावल्या आणि शहर घेतलं. म्हणून यंत्राचा एकच नमुना पुरे. तो बनवण्यात महिना घालवू नका, ते कष्ट नागरिकांच्या फिगरांवर घ्या. पोखरण्याचा नियम: तटाला भिडलेला बेस दर पाळीला फासा टाकतो, बेरीज १२ झाली की तेवढा तट बसतो. वरून कठ मारा करत असतील तर त्या पाळीची बेरीज निम्मी. शिडीवरचा बेस एक उणे घेऊन लढतो.

जिंकलं कोण हे कसं ठरवायचं? कठांचा खेळाडू तर हरणारच असतो.

फक्त 'शहर पडलं का' एवढंच विचारलं तर तो नेहमी हरेल, आणि दुसऱ्यांदा कुणी कठ खेळायला बसणार नाही. आम्ही असं मोजतो: टेबलाच्या कडेबाहेर निसटलेल्या नागरिकांच्या प्रत्येक बेसला २ गुण, जखमी किंवा मेलेल्या प्रत्येक मॅसेडोनियन बेसला १. कठांचे १२ गुण झाले तर शहर पडूनही कठ जिंकले. अलेक्झांडरला आठ दिवसांत शहर घ्यायचं आहे, त्याला पुढे बियास गाठायची आहे. जमलं नाही तर तो हरला.

मी दोन्ही बाजूंनी खेळलो आहे, आणि कठांची बाजू अधिक विचार मागते. तुमच्याकडे नवा खेळाडू आला तर त्याला अलेक्झांडर द्या.

नागरिकांचे बेस कशाला? सरळ बटणं किंवा नाणी ठेवली तर?

कृपा करून ठेवू नका. सांगला पडलं तेव्हा १७,००० माणसं मारली गेली आणि ७०,००० हून अधिक कैद झाली, हे एरियनचे आकडे. नंतर शहर जमीनदोस्त केलं. आपण खेळतो ते याच गोष्टीशी. तळ्याकडे ढकललेलं बटण मागे ओढताना हाताला काही वाटत नाही. डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई, काठी टेकत चाललेला म्हातारा, कडेवर मूल असलेली मुलगी अशी फिगर असेल तर वाटतं, आणि ते वाटायला हवं. या १४ बेसना मी फौजेइतकाच वेळ दिला. काही खेळाडूंनी सांगितलं की अशाने खेळ जड होतो. होतो. अशा कुणाला फक्त पहिल्या दिवसाची लढाई खेळायची असेल तर जरूर खेळा, ती स्वतंत्रही चांगली आहे.

लहान मुलांबरोबर खेळावं का?

दहा-अकरा वर्षांपुढच्या मुलांबरोबर पहिला दिवस आनंदाने खेळतो. वेढ्यात त्यांना चिठ्ठी लिहून लपवणं फार आवडतं. शहर पडल्यावर लोकांचं काय झालं असं मूल विचारतंच. तेव्हा खरं सांगा.

एकट्याने खेळता येईल का?

लढाई येईल: सुटे सांधे चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि त्यावर चालून जाईपर्यंत उघडू नका. रात्रीचा भाग एकट्याने नीट होत नाही, लपवायला दुसरं माणूस लागतं. फोनवरून दूरच्या मित्राकडे चिठ्ठी सोपवली तरी चालतं. आमचा एक गडी परदेशात आहे, तो सकाळी चिठ्ठी पाठवतो आणि टेबलाचे फोटो पाहून पुढचा दिवस ठरवतो. तसा एक वेढा तीन आठवडे चालला.

किती वेळ लागतो?

लढाई तीन तास, वेढा चार. दोन सलग शनिवार उत्तम. मधल्या आठवड्यात टेबल झाकून ठेवा, मांजर असेल तर खोलीच बंद करा.

हेच नियम पन्हाळ्याच्या वेढ्याला लावता येतील का?

१६६० च्या पन्हाळ्याचा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि तो यावाच. सिद्दी जौहरचा वेढा, पावसाळी रात्र, निसटण्याची वाट, घोडखिंडीत बाजीप्रभूंनी रोखून धरलेला पाठलाग. चिठ्ठी, प्रहर आणि कर्ण्याचा नियम तिथे जवळजवळ जसाच्या तसा बसतो. बाकीचं नाही. तिथे तोफा आहेत, सह्याद्रीचा कडा आहे जो पोखरता येत नाही, आणि वेढ्याबाहेर जायला विशाळगड आहे. सांगलाच्या लोकांना जवळ असा गड नव्हता. त्या खेळाला स्वतंत्र नियम हवेत, ते या पानावर कोंबणार नाही.

वेढा संपल्यावर पुढे काही खेळता येईल?

एक छोटा खेळ आहे, अर्ध्या तासाचा. सांगलाबरोबर उठलेली आणखी दोन शहरं होती. त्यांना शरण या म्हणून सांगायला अलेक्झांडरने आपला सचिव युमेनीस याला ३०० घोडेस्वार देऊन पाठवलं. पण सांगलाची बातमी आधीच पोहोचली होती आणि लोक शहरं सोडून निघून गेले होते. अलेक्झांडरने पाठलाग केला. बरेच लोक हाती लागले नाहीत. जे आजारी मागे राहिले होते, सुमारे ५००, ते मारले गेले.

टेबलावर दोन शहरं मांडा, प्रत्येकात नागरिकांचे ७ बेस, त्यांतले २ आजारी. आजारी बेस स्वतः हलत नाही, धडधाकट बेसने उचलला तर दोघांची चाल निम्मी होते. युमेनीसचा बेस दहाव्या पाळीला येतो. यात लढाईचा एकही फासा नाही. आम्ही हा खेळ चार वेळा खेळलो, चारही आजारी बेस एकदाच बाहेर निघाले.